बारा घरांच्या गल्लीतला चकवा

“डॉक्टर, रविवारी तुमच्या बँडबरोबर मला एक गाणं गाऊ द्याल का?”

हा प्रश्न विचारायची पैज शिडीने आणि ढापणीने लावली होती. एक उंच म्हणून शिडी, दुसरी चष्म्याची म्हणून ढापणी आणि या दोघींची जिवाभावाची मैत्रीण ती टकळी. टकळीला टकळी का म्हणतात, हे तिच्याशी एकदा बोललेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. त्या माणसाला बोलायला मिळालेलंच नसे.

पण पैजेत एक मेख होती. प्रश्न दाताच्या डॉक्टरांना विचारायचा होता, आणि तो दाढ भरून घेताना. आधी नाही, नंतर नाही. त्यामुळे तोंडात कापसाचे बोळे, जिभेवर नळी आणि अर्धा गाल बधिर अशा थाटात टकळीने तो विचारला आणि तो बाहेर पडला तो साधारण असा: “ऑक्अ, अइआई उअच्या अँअओअ…”

दाराबाहेर शिडी आणि ढापणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. त्या एक गोष्ट विसरल्या होत्या. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाची भाषा जगात फक्त दाताच्या डॉक्टरांनाच येते.

“चालेल की,” डॉक्टर दाढेतून नजर न काढता म्हणाले. “येत्या रविवारी ये, दुपारी. कुठल्या पट्टीत गातेस?”

आता हे डॉक्टर आठवडाभर लोकांचे दात काढत आणि रविवारी गिटार काढत. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांची बैठक भरे. ड्रमवर एक बस ड्रायव्हर, बास नावाच्या, खालच्या सुरांच्या भल्यामोठ्या उभ्या तंतुवाद्यावर पडदे शिवणाऱ्या एक बाई, आणि संगीत म्हणजे ब्लूज. दूर परदेशात, शेतं सोडून पोटासाठी शहरात आलेल्या माणसांनी ते बरोबर आणलं. शहरात आल्यावर त्यांना कळलं की इथे गाड्या, भोंगे आणि शेजारी यांच्यापुढे साध्या गिटारीचा आवाज स्वतःलाही ऐकू येत नाही. मग त्यांनी गिटारीला वीज जोडली. हे सगळं टकळीला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, मागच्या वेळी, रूट कॅनलच्या वेळी. त्या दिवसापासून तिला दाढदुखीचं काही वाटेनासं झालं.

घरी मात्र गिटारीचं दुखणं सगळ्यांना होतं. गिटार मामाची. “वर्षभर वाजवून बघ,” म्हणून त्याने दिलेली. आणि आईचं म्हणणं असं, की टकळीने आजवर एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही. मफलर विणायला घेतला, त्याचा रुमाल झाला. पोहायला गेली, ती तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन परत आली. आईने शेवटी अट घातली. “एक गाणं. पहिल्यापासून शेवटापर्यंत. लोकांसमोर. तेवढं करून दाखव, गिटार तुझी. नाहीतर ती परत मामाकडे जाईल आणि मी निवांत झोपेन.”

“एवढंच?” टकळी म्हणाली. “एक काय, दहा गाईन.”

हा काही उगाच फुगवलेला फुगा नव्हता. वर्षभर ती शिकली होती, अगदी जीव ओतून. तिने ब्लूजचं गुपित ओळखलं होतं: ती बारा घरांची एक गल्ली असते. एकेका घरावरून चालत जायचं, बाराव्या घरापाशी एक वळण लागतं, ते घेतलं की पुन्हा पहिलं घर. शब्दांचंही तसंच. एक ओळ गायची, तीच परत गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. शाळेतून येताना ती हीच गल्ली चालत असे. लिफ्ट वर जाताना गुणगुणायची, तिच्यात टकळीला चौथं घर ऐकू यायचं. स्वयंपाकघरातला फ्रीज थरथरून गप्प व्हायचा, की तिला वाटायचं, हे वळण. सगळं शहरच एका सुरात काहीतरी पुटपुटतंय आणि ते फक्त आपल्यालाच कळतंय, अशा धुंदीत ती दोनदा भलत्याच मजल्यावर उतरून भलत्याच घराची बेल वाजवून आली होती.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. ती शिकली होती रेकॉर्ड ऐकून. आणि तिच्याकडच्या रेकॉर्डवरचं एकही गाणं संपत नसे. ती सगळी हळूहळू लांब जात. आवाज बारीक, आणखी बारीक, जणू कुणी गात गात कोपऱ्यावरून वळलं आणि दिसेनासं झालं. टकळीला हे फार आवडे. ब्लूज संपत नाही, निघून जातं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून घरी गातानाही ती शेवटाकडे आवाज लहान करत, एकेक पाऊल मागे सरत, पाठमोरी बाल्कनीत जाई आणि दार लावून घेई. तिच्या मते गाणं सुंदर संपलेलं असे. आईच्या मते कार्टी पुन्हा अर्ध्यावरून उठून गेलेली असे.

रविवार उजाडला. लॉन्ड्रीवरच्या त्या खोलीत शिरताच टकळीचे पाय जमिनीवरून थोडे सुटलेच. खालच्या मशीनचं घुमणं जमिनीतून तळपायात येत होतं. वाफ जिन्यावरून वर येऊन खिडक्यांवर बसली होती, त्यामुळे बाहेरची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी आणि त्यामागच्या इमारती हे सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. साबणाचा ऊन ऊन वास. खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या, एकीशी दुसरीचं नातं नाही. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि आत्या. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आत्याला कधीच बोलावावं लागत नसे.

“ही गाणार?” आत्याने विचारलं. “आमच्या घराण्यात कुणी गात नाही हो.”

“रडतात सगळे सुरात,” आई म्हणाली.

बाबांनी छताकडे बघायला सुरुवात केली. बहीण आणि बायको शेजारी बसल्या की ते नेहमी छताकडेच बघत. त्यामुळे गावातली सगळी छतं त्यांच्या ओळखीची होती.

डॉक्टरांनी टकळीच्या गिटारीला वायर जोडली आणि म्हणाले, “हे बघ, इथला रिवाज साधा आहे. जो पुढे उभा, गाणं त्याचं. तू नेशील तिकडे आम्ही येऊ. काय?”

“हो,” टकळी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. किती प्रेमळ माणसं, असं तिला वाटलं. हे प्रेम नसून नियम आहे हे तिला कळायला अजून बराच अवकाश होता. गाणं नेलं तर ते परत आणून सोडायचंही आपणच, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. पोहायला शिकवताना ‘शेवटी पाण्यातून बाहेर ये बरं का’ असं कोण सांगतं?

टकळीने डोळे मिटले. फोटोंतले सगळे ब्लूज गाणारे डोळे मिटूनच गातात, त्यामुळे हेही ती मन लावून शिकली होती. आणि तिने सुरुवात केली.

*खिडकी उघडी ठेवली, झोप आलीच नाही ग,*
*खिडकी उघडी ठेवली, झोप आलीच नाही ग,*
*शहर सारं जागं होतं, मी एकटीच नाही ग.*

चांगली गायली. खरंच चांगली. बाबा छतावरून खाली आले. शिडीने ढापणीचा हात दाबला. टकळी मिटल्या डोळ्यांच्या आत गल्लीतून चालली होती, दिवे लागलेल्या घरांवरून, उघड्या खिडक्यांवरून, आणि तिच्या पायांखालून कुणाची तरी पावलं चालत होती. दम् दम् दम् दम्. ना घाई, ना उशीर. ही कुणाची पावलं, असा विचार मनात आला, तोवर वळण आलं. दुसरं कडवं झालं, तिसरंही झालं. तिने तीनच लिहिली होती. आता निघायचं.

तिने आवाज लहान केला आणि एक पाऊल मागे घेतलं.

इथे घोळ झाला. ब्लूजच्या बैठकीत गाणाऱ्याने आवाज खाली आणला, की सगळ्यांनी खाली यायचं, अगदी कुजबुजीपर्यंत. कारण आता तो मोठी उसळी घेणार असतो. बस ड्रायव्हरने काठ्या सोडून बोटांनी ड्रम कुरवाळायला घेतले. डॉक्टरांनी एकच तार हलकेच धरली. लोक खुर्च्यांवरून पुढे झुकले. खोलीत फक्त मशीनचं घुमणं आणि ती पावलं उरली. टकळीला वाटलं, वा, सगळे माझ्याबरोबर लांब जाताहेत. तिने आणखी एक पाऊल मागे घेतलं. आणखी एक. तेवढ्यात गिटारची वायर ताणली गेली आणि तिची पाठ बासच्या लाकडावर टेकली. पडदेवाल्या बाईंना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी मायेने तिच्या पाठीवर थाप मारून तिला पुढे ढकललं. टकळी धडपडत माइकपाशी आली. ड्रायव्हरला वाटलं, ही घ्या उसळी. त्याने दोन्ही काठ्या उचलल्या आणि रस्त्यात म्हैस आडवी आल्यावर ब्रेक दाबावा तसा दणका दिला.

खोली उसळली. टाळ्या, शिट्ट्या. गल्ली पुन्हा पहिल्या घरापासून सुरू.

टकळीने निमूटपणे तीच तीन कडवी पुन्हा गायली, आवाज पुन्हा लहान केला आणि पुन्हा मागे सरली. पुन्हा लाकूड, पुन्हा मायेची थाप, पुन्हा दणका. आता मात्र तिला घाम फुटला. चकवा लागलेला माणूस रानात फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो म्हणतात, तसं तिचं झालं. आजवर ती गाण्यातून आपली आपण बाहेर पडे. इथे तर गाणंच तिला सोडेना. थांबावं तर अट मोडते, गिटार जाते. चालत राहावं तर शब्द संपले. आणि डोळे उघडायची तर सोयच नव्हती, कारण डोळे उघडले की समोर आई दिसणार.

मग तिने ते केलं जे गाणाऱ्यांनी शहरोशहरी केलं आहे. शब्द संपले तर घरचंच गाऱ्हाणं गायचं, असा ब्लूजचा जुना शिरस्ता. टकळीने तो वाचला होता. तो घरच्यांच्या देखत पाळायचा नसतो, हे तिने वाचलेलं नव्हतं.

*बाबा जातो फिरायला, घाम काही येत नाही,*
*बाबा जातो फिरायला, घाम काही येत नाही,*
*बेकरीच्या बाकावरून पुढे कधी जात नाही.*

लोक खदखदून हसले. शेवटची ओळ त्यांनी आपणहून उचलून परत म्हटली, कारण तोही शिरस्ताच. अख्खी खोली ‘पुढे कधी जात नाही’ म्हणत असताना आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं.

“म्हणून वजन उतरत नाही होय,” आई म्हणाली.

“अगं, ते गाणं आहे,” बाबा म्हणाले. “कल्पना असते त्यात.”

“आणि परवा शर्टावर क्रीम होतं तीही कल्पनाच?”

टकळीला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त हसू ऐकू आलं, आणि वाहवत जायला तिला तेवढं पुरे होतं. मिटल्या डोळ्यांच्या आत ती आता आपल्याच घरात फिरत होती. दुपारची उन्हं, सोफा, न्हाणीघराचं बंद दार.

*आईचा नळ वाहतो, बादली काही भरत नाही,*
*आईचा नळ वाहतो, बादली काही भरत नाही,*
*आत कादंबरी चालू आहे, नायक काही मरत नाही.*

आता तर काहीजण टेबलं बडवू लागले. मागच्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगदी माझ्या घरी येऊन बघितल्यासारखं.” बाबा पुन्हा छताकडे बघू लागले, पण या वेळी छताकडे बघून हसत होते.

“तासन् तास कपडे धुता म्हणे, वहिनी,” आत्या म्हणाली. “मी सगळ्या नातेवाइकांत तुमचं कौतुक करत होते.”

आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे लक्षण घरातल्या कुणीही पाहिलं असतं, तर तो चप्पल घालून बाहेर पडला असता. पण पाहणारीचे डोळे मिटलेले. आणि तिकडे डॉक्टर केव्हापासून तिच्याकडे बघून भुवया उडवत होते, ‘संपवायचं का?’ म्हणून. त्यांनी गिटारची मान वर करून दाखवली. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली, म्हणजे याला काही उपाय नाही. पुढे जो उभा, गाणं त्याचं. तो म्हणेल तोवर चालायचं. ड्रायव्हर एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने पाणी प्यायला.

टकळीच्या घरात आता एकच खोली राहिली होती. तिथे कोपऱ्यात बादली होती, आणि बादलीवर काहीतरी लोकरी, जांभळं, पिळून ठेवलेलं.

*आत्याने स्वेटर विणला, अंगात तो गेला नाही,*
*आत्याने स्वेटर विणला, अंगात तो गेला नाही—*

“कुठला स्वेटर?” आत्या म्हणाली.

आई उठली. तिसरी ओळ काय असणार हे तिला एका क्षणात दिसलं, कारण तो स्वेटर तिनेच कापला होता. तोंडाने काही बोलावं तर त्या दणदणाटात कुणाला ऐकू जाणार? तिने फक्त हात वर केला आणि मूठ आवळली. घरी ती मूठ दिसली, की पंखासुद्धा गरगरायचा थांबे.

पण बैठकीत वर उचललेल्या आवळल्या मुठीचा अर्थ एकच. हे घर शेवटचं, गल्ली संपली. डॉक्टरांनी मूठ पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं असं काही हसू पसरलं, जणू अडकलेली दाढ एकदाची मुळासकट आली. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली, ड्रायव्हरने बाईंना. ती पावलं बाराव्या घराच्या पायऱ्या चढली, डॉक्टरांच्या गिटारीने एक लांब वेलांटी काढली, टकळी गातच होती—

*आता फरशी लख्ख असते, धागा वाया गेला नाही.*

आणि ढॅण्. सगळे एकदम थांबले.

इतकी शांतता टकळीने वर्षभरात ऐकली नव्हती. तिने डोळे उघडले. समोर आई मूठ वर करून उभी आणि सगळे लोक आईकडे बघून टाळ्या वाजवताहेत. आईने हळूच मूठ खाली घेतली, उघडली आणि काय करावं न सुचून केस सारखे केले.

“काय वेळ साधलीत ताई,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही तर रात्रीच्या जेवणाचं काय करायचं, या विचारात होतो.”

आत्या तोवर जिना उतरून निघून गेली होती.

टकळी मागे वळली. तिला एवढंच बघायचं होतं, की ती पावलं कुणाची. पडदेवाल्या बाई बासच्या मानेवर हनुवटी टेकून घाम पुसत होत्या. बास त्यांच्याहून हातभर उंच.

“ती… खालची पावलं तुमची होती?” टकळीने विचारलं.

“माझीच,” बाई म्हणाल्या. “गाणारे येतात, जातात, हरवतात. मी आपली गल्लीतून चालत असते. हरवलेल्याला आवाज येत राहतो ना, की रस्ता इकडे आहे.” मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, “तुझी बोटं लांब आहेत ग. माझी जुनी बास पडून आहे घरी. शिकायची असली तर घेऊन जा. डोळे मात्र उघडे ठेवावे लागतील. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत वाजवायचं असतं हे.”

टकळी त्यावर काहीच बोलली नाही. ही घटना शिडी आणि ढापणी अजूनही शाळेत सांगतात, कुणी विश्वास ठेवत नाही.

तिघं चालत घरी निघाले. संध्याकाळचं ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच उरलं होतं, दुकानांचे दिवे एकेक करून लागत होते. बाबा आपल्या नकळत ‘पुढे कधी जात नाही’ गुणगुणत होते आणि नेमके बेकरीसमोर आल्यावर गप्प झाले.

टकळी म्हणाली, “आई, गाणं मी नाही संपवलं. तू संपवलंस. अट काही पुरी झाली नाही.”

आईने चालता चालता तिच्याकडे पाहिलं. तिचे कान आता नेहमीच्या रंगावर आले होते. “शेवटापर्यंत गायलीस तर खरी,” ती म्हणाली. “मागे नाही पळालीस.”

“पळत होते. वायर पुरली नाही.”

बाबा हसले. आईलाही हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं. “राहू दे ती गिटार,” ती म्हणाली. “आत्या आता वर्षभर येणार नाही, तेवढी तरी कमाई झाली. पण घरातलं गायचं नाही. देवाशपथ सांग.”

“तेच म्हणतो मी,” बाबा म्हणाले. “गिटार असू दे. सवय झाली आता. घर कसं भरल्यासारखं वाटतं.”

टकळी थांबली. रस्त्याच्या मधोमधच, त्यामुळे तिघांनाही थांबावं लागलं. तिच्या कानात अजून ती पावलं चालत होती आणि चेहरा इतका शांत होता की आईला तिची काळजी वाटली.

“नको,” टकळी म्हणाली. “मी ठरवलंय. उद्या मामाला फोन कर आणि गिटार घेऊन जा म्हणावं.”

“अगं, पण—”

“फक्त येताना ट्रक घेऊन ये म्हणावं. त्या बाईंच्या घरून बास आणायची आहे, मी तीच शिकणार. आणि बाबा, आपलं कपाट तेवढं हॉलमधून हलवावं लागेल. तुमच्या खोलीत बसेल ते, पलंग उभा केला तर.”